कोन भारी शे? वेगवेगळ्या काळातले रेसलर आणि त्यांच्या मॅचेस तोलायच्या कशा

टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूई रेसलिंगमध्ये ऑस्टिन भारी की अंडरटेकर? ब्रेट हार्ट की शॉन मायकल्स? रोमन रेन्स त्या काळात असता तर टिकला असता का? खान्देशात हा वाद ओट्यावर रंगतो, कॉलेजच्या गेटवर रंगतो आणि हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला तर हमखास निघतो. तासाभरात तो "तुना अंडरटेकर, मना ऑस्टिन" इथवर येतो आणि तिथंच बसतो. कारण साधं आहे. बोलणारे पाच जण पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एक जण बेल्ट, म्हणजे जिंकलेले किताब, मोजतो, दुसरा ताकदीचं बोलतो, तिसऱ्याला लहानपणी केबलवर पाहिलेली एंट्री आठवते आणि चौथ्याला रेसलरांच्या ट्रम्प कार्डांच्या खेळातली रँक. या वादातून खरंच काही हाती लागावं असं वाटत असेल तर त्याला थोडी तयारी लागते. ती कशी करायची, ते इथं क्रमाने दिलं आहे.

आधी प्रश्न फोडा

"सर्वात भारी" या एका शब्दात निदान पाच गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली, रिंगमधलं काम: पकड, तोल, वेळ साधणं, समोरच्याला इजा न करता मार खरा वाटवणं. दुसरी, शिखर: कारकिर्दीतली सगळ्यात चांगली तीन वर्षं. तिसरी, सातत्य: किती वर्षं वरच्या दर्जाचं काम टिकलं. चौथी, गर्दी: त्याच्या नावावर तिकिटं खपली का, लोक टीव्हीसमोर बसले का. पाचवी, बोलणं आणि पात्र: माइक हातात आल्यावर काय होतं.

बैठक सुरू होण्याआधी या पाच गोष्टींना वजन ठरवा. एकूण वजन दहा. हे रेसलरचं नाव निघण्याआधी ठरलं पाहिजे, सगळ्यांच्या संमतीने आणि कागदावर. हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि सगळं इथंच बिघडतं. नावं आधी आली की प्रत्येक जण आपल्या माणसाला सोयीचं वजन मागतो.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. समजा गटाने दहापैकी ऑस्टिनला शिखर १०, सातत्य ५, गर्दी १०, बोलणं १०, रिंगकाम ८ असे गुण दिले आणि अंडरटेकरला त्याच क्रमाने ८, १०, ८, ६, ८. आता वजन शिखर ३, सातत्य १, गर्दी ३, बोलणं २, रिंगकाम १ असं धरलं तर ऑस्टिनचे ९३ होतात आणि अंडरटेकरचे ७८. तेच गुण ठेवून वजन शिखर २, सातत्य ४, गर्दी १, बोलणं १, रिंगकाम २ असं केलं तर ऑस्टिन ७६ वर येतो आणि अंडरटेकर ८६ वर जातो. गुण एकही बदलला नाही, निकाल उलटला. ऑस्टिनचा खरा जोर जून १९९६ च्या किंग ऑफ द रिंग स्पर्धेपासून मार्च २००३ च्या रेसलमेनियापर्यंत (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), म्हणजे सात वर्षंही नाही. अंडरटेकर २२ नोव्हेंबर १९९० ला सर्व्हायव्हर सिरीज या कार्यक्रमात आला आणि बरोबर तीस वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०२० ला, त्याच कार्यक्रमात निरोप घेतला. तेव्हा "कोण भारी" या वादात खरा वाद सातत्याला किती किंमत द्यायची याचा असतो. तो आधी मिटवा.

मातीच्या कुस्तीचा गज बाजूला ठेवा

आपल्याकडे यात्रेतली दंगल पाहत मोठी झालेली माणसं बैठकीत असतातच. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी किताब आणला. त्या कुस्त्यांची पानं उलगडणारी माणसं रेसलिंगला "ते ठरवून असतं" एवढं बोलून उठून जातात. त्यांना उठू देऊ नका. त्यांची नजर या कामाला फार उपयोगी आहे.

निकाल ठरलेला असतो हे आता गुपित राहिलेलं नाही. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनेच (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हा मनोरंजनाचा कार्यक्रम असल्याचं सांगितलं. त्यामुळे "खऱ्या मारामारीत कोण जिंकलं असतं" हा प्रश्न यादीतून काढून टाका. कर्ट अँगलने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल १०० किलोचं सुवर्ण घेतलं, ब्रॉक लेसनर २००० चा अमेरिकन कॉलेज कुस्तीचा हेवीवेट विजेता. खरी कुस्ती लढवायची तर हे दोघं बहुतेकांना चितपट करतील आणि वाद तिथंच संपेल. पण रेसलिंगचा दर्जा त्यावरून ठरत नाही.

दंगल पाहिलेल्या माणसाने काय पाहायचं? पायांची जागा आणि वजन कुठून कुठे जातं ते. जॉन सीनाचा शेवटचा डाव ज्या उचलीतून सुरू होतो ती आपल्या कलाजंगची उचल आहे: समोरच्याचा हात आणि मांडी धरून त्याला खांद्यांवर आडवा घेणं. आखाड्यात त्याला विरोध असतो, रिंगमध्ये समोरचा उडी देऊन साथ देतो. ती साथ दिसू न देणं हे रेसलरचं कसब. कलाजंग माहीत असलेल्या माणसाला कुठल्या मॅचमध्ये साथ उघडी पडली ते लगेच कळतं. रिंगकामाचे गुण द्यायला अशा माणसाला आवर्जून बसवा.

गामा आणि दारा सिंग यांची नावं निघाली तर त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा. गामाने १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी अडीच तासांच्या वर झुंज दिली आणि ती बरोबरीत सुटली. १९२८ ला पतियाळात त्याच झिबिस्कोला त्याने मिनिटभरात पाडलं. ती कुस्ती होती. दारा सिंगने आखाडा आणि तिकिटावरचा फ्रीस्टाइल कार्यक्रम असे दोन्ही गाजवले. अशा माणसाला ऑस्टिनच्या पानावर गुण दिले तर दोघांवरही अन्याय होतो.

काळाच्या अटी लिहून काढा

प्रत्येक काळात रेसलरच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं हे कळल्याशिवाय तुलना लंगडी पडते. गटातल्या एकाने चार-पाच ओळींचं टिपण आधीच करून आणावं.

ब्रुनो सॅमार्टिनोचा काळ घ्या. १७ मे १९६३ ला त्याने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवून बेल्ट घेतला आणि १८ जानेवारी १९७१ पर्यंत, म्हणजे २,८०३ दिवस, तो सोडला नाही. १९७३ ते १९७७ पुन्हा बेल्ट त्याच्याकडेच. दोन वेळा मिळून अकरा वर्षांच्या वर. पण तेव्हा टीव्हीवर मोठ्या रेसलरला दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर दोन-तीन मिनिटं दाखवत आणि खरी मॅच पाहायला तिकीट काढावं लागे. त्यामुळे त्याचं उत्तम काम चित्रफितीवर फार थोडं उरलं आहे. सॅमार्टिनोला रिंगकामाचे गुण कमी पडतात ते बहुतेक वेळा पुरावा नसल्यामुळे. अशा वेळी तो रकाना रिकामा ठेवा आणि उरलेल्या रकान्यांचं वजन पुन्हा दहावर आणा. अंदाजाने पाच लिहू नका, तो पाच त्याला उगाच खाली ओढतो.

२३ जानेवारी १९८४ ला हल्क होगनने आयर्न शेखला हरवलं, ३१ मार्च १९८५ ला पहिला रेसलमेनिया झाला आणि सगळं मोठ्या शरीराच्या, मोठ्या पात्रांच्या भोवती फिरू लागलं. मॅचमधली कलाकुसर कमी झाली, एंट्री आणि आरोळ्या वाढल्या. त्याच वेळी रिक फ्लेअर दुसऱ्या कंपनीत लांब मॅचेस करत होता: एप्रिल १९८९ ला रिकी स्टीमबोटबरोबरची तीनपैकी दोन फॉलची (समोरच्याला दोनदा हरवावं लागणारी) मॅच पंचावन्न मिनिटं चालली. एकाच दशकात दोन वेगळी घराणी होती हे विसरलं की होगनला फ्लेअरच्या फूटपट्टीने मोजलं जातं.

सप्टेंबर १९९५ ते मार्च २००१ हा सोमवारच्या टीव्हीचा झगडा. डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या दोन कंपन्या एकाच वेळी समोरासमोर, प्रेक्षकाचा हात रिमोटवर, त्यामुळे टीव्हीवरच्या मॅचेस आखूड, बोलणं जास्त, दर पंधरा मिनिटांनी धक्का. खान्देशात घरोघरी केबल पोचली ती याच सुमाराला, म्हणून आपल्या तिशी-चाळिशीतल्या माणसांचं प्रेम इथं अडकलेलं असतं. प्रेम असू द्या, फक्त त्यांनी त्या काळातल्या टीव्हीवरच्या तीन-चार मॅचेस आज पूर्ण पाहाव्यात आणि मग बोलावं. आठवणीत सगळ्या मॅचेस वीस मिनिटांच्या असतात. पडद्यावर त्यातल्या बऱ्याच चार-पाच मिनिटांत संपतात.

महिलांच्या बाबतीत वेळेची अट सगळ्यात जाचक होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘रॉ’ या सोमवारच्या कार्यक्रमात त्यांच्या टॅग (जोडीच्या) मॅचला अर्धं मिनिट मिळालं आणि प्रेक्षकांनी जाहीर राग काढला. त्याच वर्षी २२ ऑगस्टला ब्रुकलिनमध्ये बेली आणि साशा बँक्स यांना पुरेसा वेळ मिळाला, तर त्यांनी वर्षातली उत्तम मॅच करून दाखवली. ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनियाची शेवटची मॅच महिलांची होती. २०१५ आधीच्या डब्ल्यूडब्ल्यूईतल्या महिलांना गुण देताना मिळालेली मिनिटं शेजारी लिहा.

एप्रिल २०२० मधला रेसलमेनिया रिकाम्या हॉलमध्ये झाला. त्या काळातल्या मॅचेसना प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे गुण देऊच नका.

यादी छोटी ठेवा, मॅच पूर्ण मिळवा

पहिल्या बैठकीला आठ नावं पुरे. प्रत्येक काळातून जास्तीत जास्त दोन, निदान एक नाव जपानमधलं आणि निदान एक महिला. सोळा किंवा बत्तीस नावं घेतली की मॅचेस पाहणं होत नाही आणि पुन्हा आठवणीवर भांडण सुरू होतं. प्रत्येक नावामागे तीन मॅचेस: एक सर्वांना मान्य असलेली, एक समर्थकाने निवडलेली आणि एक विरोधकाने निवडलेली. ही तिसरी मॅच फार कामाची. सामान्य दिवशी, दुबळ्या जोडीदारासमोर रेसलर काय करतो ते त्यात दिसतं.

भारतात डब्ल्यूडब्ल्यूई एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आहे. जुन्या बऱ्याच मॅचेस कंपनीच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर पूर्ण मिळतात. घंटेपासून घंटेपर्यंतची लांबी तपासून घ्या. सव्वीस मिनिटांच्या मॅचचा सहा मिनिटांचा तुकडा पाहिला तर फक्त मोठे डाव दिसतात, ते डाव मोठे का वाटले ते दिसत नाही. शेतात किंवा गावात नेटचा भरवसा नसेल तर घरी वाय-फायवर आधीच डाउनलोड करून ठेवा. ७२० पी दर्जाला तासाला साधारण दीड जीबी धरा. सहा जणांनी मोबाइलवर वाकून पाहू नये, टीव्ही किंवा प्रोजेक्टर लागतोच, कारण पाय आणि चेहरा दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजेत.

मॅच पाहायची कशी

एक मॅच दोनदा. पहिल्यांदा आवाजासह, सलग, मध्ये न बोलता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, हवं तिथे थांबवत.

पहिल्या वेळी तीन प्रश्न: हे दोघं का भांडतायत ते कळलं का, प्रेक्षक कोणाच्या बाजूने होते आणि ते मध्ये बदलले का, शेवट आधीच्या घटनांमधून आला का. दुसऱ्या वेळी फक्त शरीरं. मार कुठे बसला आणि पाच मिनिटांनी तो लक्षात राहिला का? गुडघ्यावर हल्ला झाला असेल तर पुढे तो माणूस त्याच पायावर उडी मारतो का? या एका प्रश्नावर अर्ध्या नावाजलेल्या मॅचेस गळतात.

आवाजाचा फरक समजायला १७ मार्च २००२ ची टोरंटोची रॉक विरुद्ध होगन मॅच घ्या. होगन खलनायक म्हणून आला होता. पण टोरंटोच्या स्टेडियमने पहिल्या मिनिटापासून त्यालाच डोक्यावर घेतलं आणि दोघांनी रिंगमध्येच आपली वागणूक त्याप्रमाणे वळवली. आवाज बंद करून पाहिली तर ती सावकाश, साध्या डावांची मॅच आहे. आवाजासह पाहिली तर अंगावर काटा येतो. म्हणून रिंगकाम आणि प्रेक्षक हे रकाने वेगळे हवेत. एकत्र केले की ही मॅच कोणी दहावर नेतो, कोणी चारवर, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता एक मॅच जवळून पाहू: ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, २३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३, शिकागोजवळ. सबमिशन मॅच (समोरच्याला पकडीत हार मानायला लावायची), पंच केन शॅमरॉक, लांबी बावीस मिनिटं. आत येताना ब्रेट नायक, ऑस्टिन खलनायक. ब्रेट मधल्या भागात ऑस्टिनच्या गुडघ्यावर काम करतो, रिंगच्या खांबाला पाय अडकवून फिगर फोर ही पायांची पकड लावतो. ऑस्टिन पुढे लंगडतो आणि लंगडणं विसरत नाही. त्याच्या कपाळातून रक्त येतं. शेवटी शार्पशूटर, ब्रेटची पाय पिळून धरायची पकड, लागतो. कॅमेरा ऑस्टिनच्या चेहऱ्यावर स्थिर आहे, रक्त दातांवर उतरलंय, तो हातांवर शरीर उचलून एकदा पकड जवळजवळ तोडतो, परत खाली जातो. टॅप करत नाही, म्हणजे हार मानत नाही. शुद्ध हरपते आणि पंच मॅच थांबवतो. त्यानंतरचा मिनिटभर सोडू नका: ब्रेट पडलेल्या माणसाच्या पायावर पुन्हा हल्ला करतो, शॅमरॉक त्याला ओढून बाजूला फेकतो. ऑस्टिन मदतीचा हात झिडकारून स्वतःच्या पायाने लंगडत जातो. प्रेक्षक ऑस्टिनचं नाव घेतात, ब्रेटला हूट करतात. बावीस मिनिटांत नायक आणि खलनायक यांची अदलाबदल झाली आणि कोणी एक वाक्यही बोललं नाही. वेगवेगळ्या काळांतल्या मॅचेसची यादी करताना आमच्या मते ही पहिल्या तिघांत हवीच, आणि हारलेला माणूस मोठा कसा होतो ते शिकायला दुसरी मॅच शोधायची गरज नाही.

तिच्या शेजारी २९ मार्च १९८७ ची रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट ठेवा. पंधरा मिनिटांच्या आतली मॅच, त्यात जवळजवळ संपलेल्या पिनांची (खांदे टेकवून धरण्याची) रांग. आधी सॅव्हेजने घंटेने स्टीमबोटचा गळा जायबंदी केला होता. शेवटी तीच घंटा पुन्हा सॅव्हेजच्या हातात येते आणि त्याच्यावर उलटते. एक वस्तू गोष्टीला सुरुवात देते आणि शेवटही. त्याच रात्री होगनने अवाढव्य आंद्रे द जायंटला उचलून आपटलं, त्याचीच आठवण जास्त राहिली. रिंगकामात ती मॅच सॅव्हेज–स्टीमबोटच्या जवळपासही येत नाही. आंद्रेच्या पाठीची अवस्था पाहता त्याच्याकडून वेगळी अपेक्षाही चुकीची. पण प्रेक्षकांच्या रकान्यात तिला दहा द्यावेच लागतात.

जपानी मॅच पहिल्यांदा पाहणाऱ्याला ३ जून १९९४ ची मिसावा–कावादा द्या. छत्तीस मिनिटांच्या आतबाहेर, बोलणं नाही, पात्रांचे कपडे नाहीत, फक्त कोपर आणि लाथा आणि वर्षानुवर्षांचं वैर. भाषा कळत नसल्याने काही अडत नाही. ओमेगा–ओकाडाची ४ जानेवारी २०१७ ची पाऊण तासाच्या वरची मॅच नंतर दाखवा. आधी दाखवली तर तिच्या वेगापुढे जुन्या मॅचेस संथ वाटायला लागतात आणि रात्रभर गुण घसरत राहतात. पाहण्याचा क्रम जुन्याकडून नव्याकडे ठेवणं म्हणूनच बरं.

गुण देताना काय बिघडतं

मॅचसाठी पाच रकाने, प्रत्येकी दहा: गोष्ट, रिंगकाम, मार खरा वाटवणं, प्रेक्षक, शेवट. मॅच संपल्यावर दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, चिठ्ठीवर गुण लिहायचे, चिठ्ठी घडी घालून डब्यात. मोठ्या आवाजाच्या माणसाने आधी मत सांगितलं की बाकीचे त्याच्या आसपास गुण देतात. खान्देशातल्या बैठकीत थोरल्या भाऊचं मत खोडायला धाकटे धजत नाहीत, त्यामुळे चिठ्ठीशिवाय गत्यंतर नाही.

सहा जणांच्या सरासरीत मतभेद लपतो. एका मॅचला सगळ्यांनी सात दिले आणि दुसरीला तिघांनी दहा, तिघांनी चार, तरी सरासरी सातच. म्हणून सरासरीशेजारी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण लिहा. फरक चारच्या वर गेला की त्या मॅचवर चर्चा करा. इतरांवर वेळ घालवू नका. दहा आणि चार देणाऱ्यांनी मॅचमधला नेमका क्षण दाखवून बोलायचं.

रेसलिंगचा पत्रकार डेव्ह मेल्ट्झर मॅचेसना ज्या तारका देतो, त्या पुरावा म्हणून आणू नका. पाच तारका ही कमाल समजली जात होती, मग २०१७ ला ओमेगा–ओकाडाला सहा मिळाल्या, २०१८ ला सात. मोजपट्टीच लांबली असेल तर १९८९ ची पाच आणि २०१८ ची सात यांची वजाबाकी होत नाही. पाहायच्या मॅचेस शोधायला ती यादी मात्र उत्तम.

लांबीला भुलू नका. साठ मिनिटांची मॅच आपोआप मोठी होत नाही. १९९६ च्या रेसलमेनियातली ब्रेट–शॉन आयर्न मॅन मॅच (ठरलेल्या वेळेत जास्त फॉल घेणारा जिंकतो) पूर्ण तास चालली, एकही फॉल पडला नाही आणि जादा वेळ द्यावा लागला. पहिल्या वीस मिनिटांत किती जणांनी मोबाइल काढला ते प्रामाणिकपणे नोंदवा.

धक्का आणि मॅच यांतही गल्लत होते. २८ जून १९९८ ला अंडरटेकरने मॅनकाइंड या रेसलरला सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून टेबलावर फेकलं, थोड्या वेळाने तो छतातून आत कोसळला. ते दोन क्षण कोणी विसरणार नाही. पण ते सोडून उरलेल्या मॅचला गुण किती, हे वेगळं विचारा. आणि लहान मुलं बैठकीत असतील तर हेही सांगा: रिंगच्या फळीखाली लोखंडी चौकट असते, वर पातळ फोम, पडायला महिनोन्महिने शिकवलेलं असतं. तरी ऑगस्ट १९९७ मध्ये एका चुकलेल्या पाइलड्रायव्हरने (डोकं खाली धरून आपटायचा डाव) ऑस्टिनची मान दुखावली आणि त्याला कुस्तीची शैलीच बदलावी लागली. आधीचा ऑस्टिन पकडींचा, नंतरचा ठोशांचा. त्याला गुण देताना दोन्ही पाहा. गादीवर, गोधडीवर पोरांना हे डाव करू देऊ नका.

हमखास अडणारे मुद्दे

बेल्ट मोजणं. सीनाने एप्रिल २०२५ ला सतरावा किताब घेऊन फ्लेअरचा सोळाचा अधिकृत आकडा मागे टाकला. सॅमार्टिनोचे फक्त दोन. पण सीनाचे काही किताब काही आठवडेच टिकले आणि सॅमार्टिनोचा एकच सात वर्षांच्या वर. रोमन रेन्सने ३० ऑगस्ट २०२० ते ७ एप्रिल २०२४, सलग १,३१६ दिवस बेल्ट ठेवला. किताब कंपनी देते. ती कोणावर किती काळ विसंबली हे त्यातून कळतं, म्हणून तो आकडा गर्दीच्या रकान्याला आधार म्हणून वापरा. रिंगकामात नाही.

अंडरटेकरची रेसलमेनियातली एकवीस विजयांची मालिका ६ एप्रिल २०१४ ला लेसनरने तोडली. तिच्यातही सगळं सारखं नाही. सुरुवातीच्या अनेक मॅचेस विसरण्याजोग्या आहेत. २००९ आणि २०१० च्या शॉन मायकल्सबरोबरच्या दोन मॅचेसनी तिला मोल आणलं. मालिकेला एकगठ्ठा गुण देण्याऐवजी तिच्यातल्या चांगल्या चार मॅचेस वेगळ्या पाहा.

खली. २००७ मध्ये तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला आणि देशभर आनंद झाला. रिंगकामात त्याला फार गुण मिळत नाहीत. भारतात रेसलिंगचा प्रेक्षक टिकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. दोन्ही खरं आहे, दोन रकान्यांत लिहा.

क्रिस बेन्वा. जून २००७ मध्ये त्याने पत्नी आणि मुलाला ठार करून आत्महत्या केली. त्याच्या मॅचेस यादीत घ्यायच्या की नाही हे बैठकीआधी ठरवा आणि गटातल्या एकाला जरी त्या पाहायला नको असतील तर घेऊ नका.

एका संध्याकाळचं गणित

सहा ते आठ माणसं. तीन मॅचेस, प्रत्येकी वीस ते तीस मिनिटं, दोनदा पाहणं आणि गुण धरून एका मॅचला सव्वा तास. म्हणजे साधारण पावणेचार तास. चौथी मॅच घेतली की दुसरं पाहणं उरकलं जातं. भरीत पार्टीबरोबर जमवायचं असेल तर वांगी भाजायला लावण्याआधी पहिली मॅच आणि जेवणाआधी दुसरी संपवा. कळण्याची भाकरी आणि भरीत पोटात गेल्यावर आवाज बंद करून मॅच पाहणारा डुलक्या घेतो, म्हणून जेवणानंतरची मॅच सगळ्यात गोंगाटाची निवडा. होगन–रॉक तिथं चपखल बसते.

एकाने फक्त वेळ आणि नोंदी सांभाळाव्यात, त्याने त्या दिवशी गुण देऊ नयेत. पुढच्या बैठकीला हे काम दुसऱ्याकडे. दोन नावांत तीन गुणांपेक्षा कमी फरक राहिला तर ती बरोबरी समजा आणि दोघांची एकेक नवी मॅच पुढच्या वेळेसाठी नेमा. नेमताना ऑस्टिनवाल्याने अंडरटेकरची मॅच निवडायची आणि अंडरटेकरवाल्याने ऑस्टिनची.